व्हॅक्यूम क्लीनर आधी गादीवर: घरातली धूळ, माइट आणि लेकाचा दमा

निंबोणी | २ नोव्हेंबर, रात्री १०:१५

दिवाळीची गडबड संपली, म्हणून आज निवांत लिहायला बसले. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघं रात्री दोन वाजता लेकाला घेऊन दवाखान्यात बसलो होतो. तेव्हा तो सहा वर्षांचा. त्या दिवशी घरात साफसफाई काढलेली. माळ्यावरचं सगळं खाली आलेलं, जळमटं काढली, पंख्यांची पाती पुसली, गाद्या बाल्कनीत नेऊन झोडपल्या आणि हा तिथंच त्या पसाऱ्यात खेळत होता. संध्याकाळी शिंका सुरू झाल्या, मग कोरडा खोकला, आणि रात्री छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. नेब्युलायझर लावल्यावर पहाटे कुठे त्याला झोप लागली.

पुढे स्किन प्रिक टेस्ट झाली. हातावर थेंब टाकून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुठे गांधी उठली ते मोजतात. त्याला डस्ट माइटच्या (धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म जीवाच्या) थेंबांना मोठ्या गांधी आल्या, झुरळाला मध्यम, गाजरगवताच्या परागकणांना थोडी. पुण्यात राहून गाजरगवताला चुकवणार कसं? हे तण भारतात पहिल्यांदा नजरेत भरलं तेच पुण्यात, १९५० च्या दशकात. पण घरातली धूळ तरी आपल्या हातात आहे, असं म्हणून मी दुसऱ्याच आठवड्यात व्हॅक्यूम क्लीनर आणला.

तीन महिने तो रोज फरशीवर फिरवला. काडीचा फरक पडला नाही.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी एकच विचारलं, "चोवीस तासांत हा सगळ्यात जास्त वेळ कुठं असतो?" शाळेत सहा तास. आणि गादीवर साडेनऊ तास, नाक उशीत खुपसून. घरी आले आणि तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडं फरशी आहे, गालिचा नाही. फरशीवरचा केर रोज निघतोच, वर ओलं फडकं फिरतं. जिथं कधीच काही फिरत नाही ती जागा गादी. आमची कापसाची गादी अकरा वर्षांची होती.

त्या संध्याकाळी मी व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडावर मलमलचा तुकडा रबरबँडनं बांधला आणि गादीचा फक्त उशाकडचा हातभर भाग दोन मिनिटं सावकाश ओढला. गादी वरून स्वच्छ दिसत होती, चादर आदल्याच दिवशी बदललेली. तुकडा सोडवला तर त्यावर राखाडी पीठ. नाचणीचं पीठ वस्त्रगाळ केल्यावर खाली पडतं ना, तितकं बारीक आणि मऊ. बोट लावलं तर बोटाला चिकटून आलं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, यात तोंड घालून झोपतंय होय लेकरू." रोज रात्री गादी झटकून घालायची त्यांची चाळीस वर्षांची सवय, ती त्यांनी त्या दिवसापासून सोडली.

आता आम्ही काय करतो ते सांगते. रविवारी सकाळी लेक बाबांबरोबर टेकडीवर जातो. तो घराबाहेर पडला की पंखा बंद, चादर-अभ्रे गुंडाळून थेट मशिनमध्ये (झटकायचे नाहीत), आणि गादीच्या दोन्ही बाजू व्हॅक्यूमच्या सोफ्यासाठीच्या रुंद तोंडानं हळूहळू ओढायच्या. शिवणी, बटणांचे खळगे आणि पलंगाच्या फळीची फट यांना चपटं तोंड. मग उश्या, मग पडद्यांची खालची वीतभर पट्टी, मग खिडकीची जाळी. फरशी शेवटी, आणि तीही ओल्या फडक्यानं. खिडक्या तासभर उघड्या. तो अकराच्या आत घरी येत नाही. मी मास्क लावते.

कॅलेंडरवर खोकल्याच्या रात्री लाल पेनानं खुणा करतो आम्ही. गेल्या डिसेंबरात अकरा होत्या. या ऑक्टोबरात दोन. पण त्याच काळात त्याचा रोजचा इनहेलरही स्पेसर (औषध नीट छातीत पोचवणारी नळी) लावून नियमित सुरू झाला, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला देणार नाही. तुमच्या घरी कुणाला असा त्रास असेल तर काय करता, काय उपयोगी पडलं, काय नाही, सगळं लिहा.

खाडीकाठ | २ नोव्हेंबर, रात्री ११:०२

ताई, खूप उपयोगी लिहिलंत. मी डोंबिवलीत, बायकोला बारा महिने सर्दी. सकाळी उठल्यावर सलग पंधरा-वीस शिंका. आमचा प्रश्न दमट हवेचा. जून ते सप्टेंबर गादीला हात लावला तरी ओलसर वाटते. तुमच्या पुण्याचा उपाय इकडे चालेल का?

श्वासपटल | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, म्हणून थोडे सविस्तर.

डस्ट माइट हा कोळ्याच्या कुळातला आठ पायांचा जीव, मिलिमीटरच्या पाव-तृतीयांश भागाएवढा, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. तो चावत नाही आणि रक्तही पीत नाही. आपल्या अंगावरून रोज झडणारे कातडीचे सूक्ष्म पापुद्रे हे त्याचे अन्न. घरातल्या धुळीची ॲलर्जी मुख्यतः या माइटमुळे होते हे नेदरलँड्समधल्या लायडन इथे व्होरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत 'धुळीची ॲलर्जी' एवढेच म्हणत असत.

त्रास देते ती माइटची विष्ठा. तिचे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे असतात. आपला केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण वजनाने जड, त्यामुळे हवेत फार वेळ तरंगत नाहीत. गादी झटकली की उडतात आणि अर्ध्या तासात पुन्हा खाली बसतात. म्हणून निंबोणी यांनी मुलाला बाहेर पाठवून मगच काम सुरू करायचे ठरवले ते अगदी योग्य. मांजराचे ॲलर्जन (ॲलर्जी आणणारा पदार्थ) मात्र याच्या उलट वागते. ते फार बारीक कणांवर बसून तासन्‌तास हवेत राहते.

आता दमटपणाचे. माइट पाणी पीत नाही, हवेतली वाफ शोषून घेतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर तो सुकून मरतो. ७० ते ८० टक्क्यांत त्याची भरभराट होते. म्हणजे मुंबई, ठाणे, कोकण इथे पावसाळाभर त्याची सुगीच. पुण्यात, नगरला, विदर्भात मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो मोठ्या प्रमाणात मरतो. पण मेला तरी विष्ठा गादीतच राहते आणि तिच्यातले प्रथिन महिनोन्‌महिने टिकते. म्हणून देशावरच्या लोकांना मी सांगतो की गादीची मोठी सफाई एप्रिल-मेमध्ये करा. नवी पैदास थांबलेली असते, जुना साठा उपसून काढायचा आणि पावसाळ्याआधी खोळ चढवायची. डोंबिवलीत एवढी कोरडी हवा मिळणार नाही. तिथे झोपायच्या खोलीत एसी असेल तर पावसाळ्यात तो ड्राय मोडवर चालवा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका, आणि एक साधा आर्द्रतामापक भिंतीला लावा. आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस खिडकी कधी उघडायची ते शिकतो.

व्हॅक्यूमची मर्यादाही सांगतो. जिवंत माइट पायांनी धाग्याला घट्ट धरून बसतो, गादीच्या आतला तो ओढला जात नाही. वरच्या थरातली विष्ठा आणि कातडीचे पापुद्रे निघतात. त्यामुळे हे काम एकदा करून संपत नाही, दर आठवड्याला करावे लागते. आणि सावकाश करावे लागते. संशोधनासाठी धुळीचा नमुना घेतात तेव्हा साधारण एका चौरस मीटरला दोन मिनिटे नळी फिरवतात. सहा बाय सहा फुटांची गादी तीन चौरस मीटरहून थोडी जास्त भरते. म्हणजे एका बाजूला सहा-सात मिनिटे. बहुतेक घरांत हे काम दीड मिनिटात उरकतात.

आणि कृपा करून, बरे वाटायला लागले म्हणून रोजचा इनहेलर मनाने बंद करू नका.

आजीची_दुलई | ३ नोव्हेंबर, दुपारी २:४०

मी सत्तरीची आहे. हे वाचून पिंजारी आठवला. उन्हाळ्यात तो गल्लीत यायचा, धनुकलीचा टणत्कार लांबूनच ऐकू यायचा. गादी उसवून सगळा कापूस अंगणात काढायचा, पिंजायचा, आणि धुळीचा असा लोट उठायचा की आम्हा पोरांना आई घरात कोंडून ठेवायची. पिंजलेला कापूस दिवसभर उन्हात, मग नव्या खोळीत. त्या रात्री गादीवर अंग टाकलं की वेगळंच वाटायचं. आता फोमच्या गाद्या आल्या, त्या कुणी उसवत नाही. माझ्या बहिणीची गादी वीस वर्षं उघडलेली नाही.

दुसरं म्हणजे भट्टी. पांढऱ्या चादरी, अभ्रे, धोतरं पाण्यात सोडा घालून चुलीवर उकळायची. परीटही भट्टी लावूनच कपडे द्यायचा. डॉक्टर, त्या उकळण्यानं हे किडे मरत असतील ना? आता सून मशिनमध्ये गार पाण्यात धुते, कपडे स्वच्छ दिसतात, पण मला मनापासून बरं वाटत नाही.

श्वासपटल | ३ नोव्हेंबर, रात्री ९:०५

आजी, तुमची शंका बरोबर आहे. ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात माइट मरतो. गार पाण्यात ॲलर्जन बरेचसे धुऊन जाते, पण माइट पुष्कळसे जिवंत राहतात. मशिनला हीटर असेल तर ६० अंशांवर लावावे. नसेल तर गिझरच्या कडक पाण्यात अर्धा तास भिजवून मग मशिनमध्ये टाकावे. कापडी खेळणी उकळता येत नाहीत. ती पिशवीत घालून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि मग धुवावीत. नुसत्या गोठवण्याने माइट मरतो, विष्ठा तशीच राहते.

उन्हाबद्दलही तेच. मे महिन्यात गच्चीवर गादी टाकणे चांगलेच, पण ऊन दाखवल्यावर ती व्हॅक्यूमने ओढून घेतली नाही तर अर्धेच काम झाले.

फिरकी_पाना | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मी घरगुती यंत्रं दुरुस्त करतो, ठाण्यात, अठरा वर्षं झाली. डॉक्टरांनी शरीराचं सांगितलं, मी यंत्राचं सांगतो.

लोक दुकानात जाऊन पहिला प्रश्न वॅटचा विचारतात. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते ते. ओढ त्यावर ठरत नाही. युरोपात तर २०१७ पासून ९०० वॅटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम विकायलाच बंदी आली, आणि तिथली घरं काही घाण झाली नाहीत. ओढ ठरते ती नळी, तोंड, पिशवी आणि जोड किती घट्ट आहेत यावर.

ॲलर्जीवाल्या घरात माझा पहिला प्रश्न असतो की मागून काय बाहेर पडतंय. रात्री खोलीतले दिवे घालवा, मशिन चालू करा, आणि जिथून गरम हवा बाहेर येते तिथं टॉर्च आडवा धरा. उजेडात कण नाचताना दिसले तर तुमचं यंत्र एका बाजूनं धूळ गिळून दुसऱ्या बाजूनं ती नाकाच्या उंचीवर फेकतंय. असं यंत्र चालवण्यापेक्षा ओलं फडकं परवडलं. मी ही टॉर्चची तपासणी गिऱ्हाईकासमोर करतो, कारण सांगून पटत नाही.

हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर. युरोपच्या मानकात एच१३ लिहिलेलं असतं, तिथं ९९.९५ टक्के. 'हेपासारखा', 'हेपा टाइप' असं खोक्यावर असेल तर त्याला काही मानक नाही, ते सोडून द्या. आणि फिल्टर कितीही भारी असला तरी त्याच्या भोवतीचं रबर चिरलं असेल तर हवा सोपी वाट धरते, फिल्टरच्या बाजूनं निघून जाते. मी जी यंत्रं उघडतो त्यांतल्या बऱ्याचशांत दोष त्या रबरात असतो. नवं रबर अगदी किरकोळ पैशांत बसतं.

कागदी हेपा नळाखाली धुऊ नका. पाणी लागलं की तो कामातून गेला. 'धुण्याजोगा' असं लिहिलेलाच धुवायचा, आणि चोवीस तास सावलीत पूर्ण वाळवायचा. ओला बसवलात तर आत बुरशी धरते आणि मशिन लावलं की कुबट वास येतो. तो वास येतोय म्हणजे तुम्ही बुरशी हवेत सोडताय.

पिशवीवालं घ्यावं की डब्याचं? दमा असेल तर पिशवीवालं. डबा रिकामा करताना सगळी धूळ तोंडावर येते. डब्याचं आधीच घेतलं असेल तर घराबाहेर, मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत डबा पूर्ण आत घालून, पिशवीचं तोंड वर धरून रिकामा करा, आणि ते काम पेशंटनं करू नये. पाण्याच्या टाकीवालं असेल तर दर वेळी टाकी धुऊन कोरडी करून ठेवायची, आणि त्यालाही मागं हेपा आहे का ते बघायचं. पाण्यातून सगळी धूळ अडत नाही.

रंगकाम झाल्यावर पीओपीचा भुगा यानं ओढू नका. दिवाळीनंतर रांगोळीही नाही. दोन्ही फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसतात आणि मोटर गरम होऊन जाते. आत्ता माझ्याकडं टेबलावर तीन मशिनं रांगोळीनं बसलेली आहेत.

हडसनपार | ४ नोव्हेंबर, रात्री ११:५०

न्यू जर्सीतून लिहितोय. आमच्याकडं भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, भाड्याचं घर, काढून टाकता येत नाही. त्यामुळे इकडं फरशीचा प्रश्नच उलटा आहे. गालिचा म्हणजे जमिनीवर अंथरलेली दुसरी गादीच. मुलगी रांगायला लागली तेव्हा तिच्या तळहातांवर आणि गुडघ्यांवर पुरळ यायचं. आम्ही फिरत्या ब्रशचं, पूर्ण बंदिस्त, हेपाचं यंत्र घेतलं. आठवड्यातून दोनदा, उभं आणि मग आडवं, अशा दोन फेऱ्या. एका दिशेनं केलं तर धाग्यांच्या मुळाशी राहिलेलं निघत नाही, हे मी पिशवीचं वजन करून पाहिलंय.

आधीच्या भाडेकरूंकडं मांजर होती. आम्ही आलो तेव्हा घर रिकामं होऊन महिना झाला होता, तरी बायकोचे डोळे लाल व्हायचे. मांजर गेल्यावरही तिचं ॲलर्जन कमी व्हायला पाच-सहा महिने लागतात, असं ॲलर्जी तज्ज्ञांनी सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला, कारण तोवर आम्ही दोष स्वतःच्या स्वयंपाकघराला देत होतो. गालिचा दोनदा गरम पाण्यानं धुऊन घेतला, एसी आणि हीटरच्या झरोक्यांच्या जाळ्या उघडून ओढल्या.

भारतात राहणाऱ्यांना एकच सांगेन. फरशी आहे हे तुमचं मोठं भाग्य आहे, तिच्यावर हौसेनं गालिचे अंथरू नका.

सह्यकडा | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

इथे सगळे मनापासून लिहीत आहेत, म्हणून माझी शंकाही मनापासून मांडतो. कॉक्रेन या उपचारांवरचे अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेची २००८ ची समीक्षा मी वाचली आहे. माइट कमी करण्याच्या उपायांवरच्या ५४ चाचण्या त्यांनी एकत्र तपासल्या, सुमारे तीन हजार रुग्ण, आणि दम्यात फरक दिसत नाही असा निष्कर्ष काढला. माझी स्वतःची मुलगी दम्याची आहे. मग एखाद्या कुटुंबाला, ज्यांना औषधाचे पैसे जमवतानाच ओढाताण होते, त्यांना आपण यंत्र घ्यायला सांगावं का?

श्वासपटल | ५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

हा प्रश्न इथे यायलाच हवा होता. समीक्षेतला आकडा तुम्ही बरोबर दिला आहे. त्या चाचण्यांत बहुतेक ठिकाणी एकेकच उपाय केला होता, नुसती खोळ किंवा नुसते रसायन. एका उपायाने ॲलर्जन पुरेसे खाली येत नाही, अशी माझी समजूत आहे.

त्याला पूरक अशा दोन गोष्टी ठेवतो. अमेरिकेत सात शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या ९३७ दमेकरी मुलांवर एक अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक मुलाला कशाची ॲलर्जी आहे ते आधी तपासले, आणि त्याप्रमाणे गादी-उशीला खोळ, हेपाचा व्हॅक्यूम, हवा शुद्ध करणारे यंत्र, झुरळांचा बंदोबस्त आणि सिगारेटचा धूर टाळणे असे सगळे मिळून केले. पहिल्या वर्षी दर दोन आठवड्यांत त्रासाचे दिवस या मुलांत ३.३९ भरले, नेहमीच्या पद्धतीने राहिलेल्या मुलांत ४.२०. फरक लहान वाटेल. वर्षाचा हिशोब केला तर साधारण तीन आठवडे होतात, आणि ज्या आईने रात्री जागून काढल्या तिला तीन आठवडे म्हणजे काय ते माहीत असते. दुसरा अभ्यास मँचेस्टरचा, २०१७ चा. माइटची ॲलर्जी असलेली आणि दम्याच्या झटक्याने रुग्णालयात येऊन गेलेली २८४ मुले त्यात घेतली होती. माइटरोधी खोळ मिळालेल्यांपैकी वर्षभरात सुमारे २९ टक्क्यांना पुन्हा रुग्णालयात यावे लागले, साधी खोळ मिळालेल्यांपैकी सुमारे ४२ टक्क्यांना. मात्र तोंडावाटे स्टेरॉइड घ्यावे लागण्यात फरक पडला नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

म्हणून पैसे थोडे असतील तर माझा क्रम असा: आधी औषध, मग गादी-उशीला चेनची घट्ट विणीची माइटरोधी खोळ, मग गरम पाण्याची धुलाई, मग व्हॅक्यूम. यंत्र नसेल तर खोळ चढवून ती दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसणे हेही चांगले काम आहे. आणि ज्या मुलाची तपासणीच झालेली नाही त्याच्यासाठी काहीही विकत घेऊ नका. माइटची ॲलर्जी नसेल तर खर्च वाया जातो.

खाडीकाठ | ६ नोव्हेंबर, रात्री ९:४५

डॉक्टर, आभार. बायकोची टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे. सर्दीची गोळी काही दिवस आधीपासून बंद ठेवा म्हणालेत, नाहीतर गांधी उठत नाही.

अजून एक. आमच्या डक्टच्या बाजूला कबुतरांनी घर केलंय. एसीच्या युनिटमागे विष्ठेचा जाड थर साचलाय. दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा वाद झाला, कोर्टापर्यंत गेला, तेव्हापासून डोक्यात आहे. व्हॅक्यूमनं ओढून काढू का?

श्वासपटल | ६ नोव्हेंबर, रात्री १०:१०

अजिबात नको. कोरडी विष्ठा झाडू किंवा व्हॅक्यूमने हलवली की तिचा भुगा हवेत जातो. त्यातून काहींना फुफ्फुसांना सूज येण्याचा आजार होतो, आणि बराच काळ संपर्क राहिला तर फुफ्फुसे कायमची कडक होतात. आधी पाणी फवारून पूर्ण भिजवा, चांगला एन९५ मास्क आणि हातमोजे घाला, ओलेच खरवडून पिशवीत बांधा. घरातल्या सर्दीच्या माणसाने त्या दिवशी तिथे उभेही राहू नये. नंतर जाळी बसवा.

मांडवी_तीर | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

गोव्यातून. आमच्या जुन्या घरात पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, कपाटातल्या रेशमी साड्यांनाही. मी एकदा ती भिंत व्हॅक्यूमच्या ब्रशनं साफ केली आणि दोन दिवस खोकत होते. आता कळतंय का ते. बुरशी ओल्या फडक्यानं पुसायची आणि मुळात पाणी कुठून मुरतंय ते शोधायचं. आमच्या घराला कौलांच्या वळचणीतून पाणी यायचं. ते बंद केल्यावर यंदा ती भिंत कोरडी राहिली. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढून ठेवलंय, मागून हवा खेळते.

मोगरी | ७ नोव्हेंबर, रात्री ८:५५

या सगळ्यात एका माणसाचं नाव आलं नाही. आमच्याकडं काम करणाऱ्या मावशी रोज सात घरांचा केर काढतात. नवीन फुलझाडू आणला की पहिले आठ-दहा दिवस त्याचाच भुसा उडतो, शिवाय सात घरांची धूळ. मावशींना दोन वर्षं खोकला आहे आणि त्या 'हवाबदल' म्हणून सोडून देतात. मी नवा झाडू आता आधी गच्चीवर आपटून, पाण्यात बुचकळून, वाळवून मगच देते. केर काढण्याआधी पंखा बंद करते. मास्कची पाकिटं आणून दिली. आणि पंख्यांची पाती, माळा ही कामं त्यांना सांगणं बंद केलं, ती ओल्या फडक्यानं मी करते, जुना अभ्रा पात्यावर चढवून ओढला की धूळ त्यातच राहते. गेल्या महिन्यात त्यांना तपासायला घेऊन गेले. दमाच निघाला. तुमच्याही घरी विचारा, खोकला किती दिवसांचा आहे ते.

निंबोणी | ७ नोव्हेंबर, रात्री ११:३०

मोगरी, तुझा प्रतिसाद वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उद्यासाठी मास्क काढून ठेवला. आमच्या मावशी सकाळी साडेसातला येतात. सकाळीच विचारते.

फिरकी पाना दादा, टॉर्च लावून पाहिला. पिशवीच्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यातून कण उडताना स्पष्ट दिसले. यंत्र एक वर्षाचंही नाही. रबर मागवलंय.

निंबोणी | ३० नोव्हेंबर, दुपारी १:१०

महिन्याभराचं सांगते. रबर बदललं, टॉर्चच्या उजेडात आता काही दिसत नाही. गादी आणि दोन्ही उश्यांना चेनची खोळ चढवली. पहिल्या रात्री ती कुरकुर वाजते म्हणून लेक रुसला, मग सासूबाईंनी वर त्यांची जुनी मऊ सुती साडी अंथरली आणि आवाज थांबला. साडी दर रविवारी ६० अंशांवर धुते. त्याचा कापडी हत्ती शनिवारी रात्री फ्रीजरमध्ये जातो, मटारच्या पिशवीशेजारी. तो स्वतः नेऊन ठेवतो आणि दार लावताना हत्तीला शुभरात्री म्हणतो.

मावशींचा खोकला सहा महिन्यांचा निघाला. बुधवारी त्यांना घेऊन आमच्याच डॉक्टरांकडं जातेय.

नोव्हेंबरात लाल खुणा तीन. थंडी पडायला लागली आहे, त्यामुळे डिसेंबरकडं लक्ष आहे. इनहेलर तसाच चालू.

आज सकाळी मलमलचा नवा तुकडा बांधून त्याच जागी, उशाकडच्या हातभर भागात, खोळीवरून दोन मिनिटं ओढला. कापडावर रुपयाच्या नाण्याएवढा फिकट डाग. तेव्हाचा पहिला तुकडा मी टाकला नव्हता, डबीत बंद करून ठेवला होता. दोन्हींवर तारखा घातल्या. पुढचा तुकडा जानेवारीच्या पहिल्या रविवारी.